मान हलल्याशिवाय डॉट कॉम नाही

आमच्या गल्लीत सकाळी दूधवाल्याच्या आधी 'डॉट कॉम' येतं. म्हणजे दस्तगीरमामा येतात. दारासमोर उभे राहतात, छातीत हवा भरतात आणि कुठलंतरी नाव गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल असं ओरडतात. "जुनाबँड डॉट इन." मग थांबून कानोसा घेतात. टोकाच्या घरातल्या सूनबाईंनी धाडकन खिडकी लावली की समजायचं, नाव पोचलं. पण मामांचं समाधान होत नाही. "मधीच श्वास मोडतोय," असं पुटपुटत ते घरात जातात आणि आमची सगळ्यांची झोप सोबत घेऊन जातात.

दस्तगीरमामा कोरेगावातल्या एका बँडचे मास्तर. बँड आता नाही. आधी डीजे आला, मग लग्नाच्या सुपाऱ्या गेल्या, मग मामांचे पुढचे दात गेले. दातांशिवाय क्लॅरिनेट वाजत नाही, त्यामुळे बँड असता तरी फरक पडला नसता, असं ते स्वतःच सांगतात. मामी जाऊन बरीच वर्षं झाली. वाजवणारे पांगले. झांजवाला खाशाबा कुंडलला भावाच्या उसात राबतो, ट्रम्पेटवाला इक्बाल मिरजेला घरी बसून आहे, कुणी पाचगणीत हॉटेलच्या फाटकावर उभा आहे. साताऱ्या-सांगलीतल्या अशा सगळ्या जुन्या बँडवाल्यांना इंटरनेटवर एकत्र आणायचं, असं एकदा मामांच्या डोक्यात आलं. जुने फोटो टाकायचे, जुन्या चाली टाकायच्या, कोण आहे आणि कोण गेलं ते कळवायचं.

माझा गुन्हा एवढाच, की मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो आणि मामांच्या शेजारी राहतो. "सर, तेवढं एक नाव घिऊन द्या," ते म्हणाले. मी म्हणालो, दहा मिनिटांचं काम आहे. माणसानं असं कधी बोलू नये. त्यानंतर दोन लग्नसराया उलटल्या.

मामांच्या बँडचा एक कायदा होता. वरातीत नवं गाणं धरायचं, तर मामा आधी सगळ्यांकडे वळून बघत. प्रत्येकाची मान हलली की मगच क्लॅरिनेट ओठाला लागायचं. खुळखुळा वाजवणाऱ्याचीसुद्धा मान हलावी लागे. एकदा त्याला गाणं पसंत पडेना, तर नवरदेव घोड्यावर ताटकळला आणि घोडा कंटाळून मंडपाकडे परत निघाला. "मान न हलीवता वाजीवणारा मागं मागं वाजीवतो," हे मामांचं तत्त्वज्ञान. तोच कायदा त्यांनी वेबसाइटच्या नावाला लावला. रोज संध्याकाळी नमाज झाली की मामा दारातल्या कट्ट्यावर बसणार आणि फोन स्पीकरवर टाकणार. एकेक जण जोडला जाणार. फोनवर मान दिसत नाही, म्हणून ज्याला नाव पटेल त्यानं तोंडानं 'हलली' म्हणायचं. आणि खाशाबा जन्मात कधी 'हलली' म्हणत नाही.

पहिलं नाव निघालं 'वरात डॉट कॉम'. ते कुणीतरी आधीच घेतलेलं होतं.

"घेतलंय म्हंजे? वाजीवतो का त्यो?"

"नाही मामा, नुसतं नाव धरून ठेवलंय."

"मंग सोड म्हणावं. नंबर द्या त्याचा."

मला वाटलं होतं, नाव ठरवणं अवघड आणि त्यामागचं 'डॉट'चं शेपूट ठरवणं सोपं. गाढव होतो मी. खाशाबाला इंग्रजी अक्षर येत नाही, म्हणून त्याला मराठीतलं 'डॉट भारत' हवं. इक्बालचा नातू दुबईला, त्याच्या फोनात मराठी उमटत नाही, म्हणून इक्बालला ते नको. एके दिवशी मला 'डॉट बँड' असंही शेपूट मिळतं असा शोध लागला. मी धावत कट्ट्यावर गेलो, जणू लग्नच जमवलं.

"ते डीजेवालेबी घेतील की," कुंडलहून खाशाबा म्हणाला. "त्यास्नी लाज हाय व्हय?"

डॉट बँड तिथंच बुडालं. मग आमचे ढोलवाले सिदूअण्णा वारले. दुःख झालंच, पण मनात आलं, निदान एक मान कमी झाली. कसलं काय. "सिदूनं मरायच्या आदी 'कॉम'ला मान हलीवलीय," मामा गंभीरपणे म्हणाले. "आता दुसरं काय घ्यायचं तर त्याला इचारणार कसं?" म्हणजे शेपूट मयत माणसानं ठरवलं आणि नाव जिवंतांना ठरवता येईना. मी हात टेकले.

एका संध्याकाळी सगळेच दमले होते. इक्बालनं सुचवलेलं नाव खाशाबानं पाडलं, मामांचं इक्बालनं पाडलं. आणि खाशाबाच म्हणाला, "आमी वाजवायचो. येवढंच ठिवा. दुसरं काय हाय आपल्याजवळ?"

मग इक्बाल म्हणाला, "हलली." पाचगणीवाला म्हणाला, "हलली." एकामागून एक सगळे म्हणाले. मी तिथंच लॅपटॉप उघडून बघितलं. 'आमीवाजवायचो डॉट कॉम' मोकळं होतं. जगात कुणालाच ते नको होतं.

मी मामांकडे पाहिलं. ते फोनकडे बघत होते.

"माजी न्हाई हलली," ते म्हणाले.

त्या दिवशी जे भांडण पेटलं, तसं आधी कधी पेटलं नव्हतं. खाशाबा तर बँडच सोडतो म्हणाला, जो बंद पडून जमाना झाला होता. मी पाय आपटत घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "म्हाताऱ्याला वेड लागलंय. सगळे हो म्हणतायत आणि हाच आडवा."

"फोन चालू असतो तेव्हा त्यांचा चेहरा बघितलाय का तुम्ही कधी?" ती भांडी लावता लावता म्हणाली. "एकदा नाव ठरलं, की मग त्यांना रोज फोन कोण करणार?"

मी खिडकीतून बघितलं. मामा कट्ट्यावर बसून खाशाबाच्या शिव्या ऐकत होते आणि त्यांचं बोळकं हसत होतं. ठरवलं, आता मीसुद्धा रोज एक वाईट नाव सुचवायचं.

पण दुसऱ्याच दिवशी इक्बालच्या पुण्याच्या लेकीनं ते नाव विकत घेऊन टाकलं. बिचारीनं चांगल्याच मनानं घेतलं. आठवड्याभरात वेबसाइट उभी राहिली. सगळे आले. मामांनी कधी नाव ऐकलं नव्हतं असे कऱ्हाडचे, विट्याचे बँडवालेही आले. फुलं आली, शुभ सकाळ आली, कुणाच्या नातवाचा वाढदिवस आला. फोन तेवढे यायचे थांबले. मामा संध्याकाळी कट्ट्यावर फोन समोर ठेवून बसायचे, आणि मला त्या बाजूनं जायची हिंमत होत नसे.

मग एका दुपारी तेच माझ्याकडे आले. "सर, लिवा तिथं. दस्तगीर म्हणतोय, नाव चुकलं. बदलाया पायजे. कॉमबी नको. आन् खाशाबाला नावातलं काय कळत न्हाई, हेबी लिवा."

मी खुशीनं लिहिलं. खाशाबाचं वाक्य जरा जास्तच झोंबेल असं केलं. मामा माझ्याच घरी थांबले. चहा झाला, संध्याकाळ झाली, फोन त्यांच्या मुठीत होता. शेवटी मी वेबसाइट उघडून त्यांच्यापुढे धरली.

"हे अंगठं कशाचं?"

"होकार आहे मामा. नाव बदलायला सगळ्यांची हरकत नाही म्हणतायत."

"समद्यांची?"

"सगळ्यांची."

"खाशाबाचाबी अंगठा हाय?"

मी दाखवला. मामा चष्मा काढून, डोळे बारीक करून त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"त्यो कवाच हो म्हणत न्हाई," ते म्हणाले. "वाचलंच न्हाई रं त्यानं."