सोफा रस्त्यावर आला

इमारतीच्या फाटकावर चिकटवलेली सूचना मुद्रितशोधकाने गुरुवारी संध्याकाळीच वाचली होती. वाचली म्हणजे खिशातले लाल पेन काढून तपासली होती. 'नागरीकांनी'मधली दीर्घ 'री' त्याने ऱ्हस्व केली, 'राहिल'चे 'राहील' केले, शेवटी एक पूर्णविराम ठोकला आणि समाधानाने तीन जिने चढून घरी गेला. चोवीस वर्षे छापखान्यात हेच काम केल्यामुळे त्याच्या डोळ्यांना अक्षर नि अक्षर दिसे. मजकूर मात्र नजरेतून निसटे. येत्या रविवारी सकाळी सहा ते बारा हा रस्ता वाहनांना बंद राहील, नागरिकांनी चालावे, सायकली चालवाव्यात, असे त्या कागदात म्हटले होते. हे त्याला कळले ते रविवारी नऊ वाजता, टेंपोवाल्याच्या फोनवरून.

"साहेब, तुमचा रस्ता बंद केलाय हो."

"कोणी?"

"ते मला काय विचारता? सोफा टेंपोत आहे आणि टेंपो अडथळ्याच्या अलीकडं आहे. तुम्ही या बघू."

सोफा बाबांसाठी होता. बाबा म्हणजे मुद्रितशोधकाचे वडील, निवृत्त बसचालक. आठ महिन्यांपूर्वी घरासमोरचा रस्ता ओलांडताना मागून कर्कश हॉर्न वाजला आणि बाबा दचकून भर रस्त्यात खाली बसले. लागले काहीच नाही. पण ज्या रस्त्यावर एकतीस वर्षे बस चालवली, तिथे लोकांनी हाताला धरून उठवून कडेला नेले, हे त्यांच्या मनाला लागले. त्या दिवसापासून त्यांनी जिना उतरणे सोडले. कोणी विचारले की गुडघ्याचे नाव सांगत. दिवसभर खिडकीत बसत. शेवटी सुनेने ठरवले, बसायचेच आहे तर माणसाने नीट तरी बसावे. दुकानात जाऊन तिने उंच बैठकीचा, टणक पाठीचा, तिघांचा सोफा पसंत केला.

टेंपोवाल्याला अकराला दुसरीकडे कपाट पोचवायचे होते. दोघांनी मिळून सोफा उतरवला, टेंपो वळला आणि मुद्रितशोधक त्या भर चौकात सोफ्याशेजारी उभा राहिला. तेवढ्यात गळ्यात शिट्टी अडकवलेली एक स्वयंसेविका धावत आली.

"काका, हे इथं नाही ठेवता येणार. इथून सायकली वळणार आहेत."

"मग आत नेऊ दे. ती बघ, तिसरी इमारत."

"आत वाहनांना बंदी आहे."

"अगं, हे वाहन आहे का?"

मुलीने खाली वाकून बघितले. "चाकं नाहीत," ती विचार करत म्हणाली. "पाय आहेत. म्हणजे पादचाऱ्यांत धरू. न्या. पण डाव्या बाजूनं हं."

चालायला आलेल्यांपैकी चौघांनी हात लावला. सोफा दिसायला देखणा असला तरी वजनाला हत्ती होता. पन्नास पावलांवर सगळ्यांनी तो टेकवला आणि दम खायला त्यावरच बसले. मुद्रितशोधक उभाच राहिला. स्वतःच्या सोफ्यावर बसायला त्याला जागा उरली नव्हती. दम खाऊन झाल्यावर ते चौघे आभार मानून आपापल्या वाटेने चालू लागले. आता दुसरे चौघे शोधणे आले. त्यांनी उचलला, पन्नास पावले नेला, टेकवला, बसले, गेले.

तिसऱ्या मुक्कामाला सोफा टेकतो न टेकतो तोच एक आजी येऊन बसल्या. "फार छान सोय केलीत हो," म्हणाल्या. "पाय अगदी भरून आले होते." त्यांच्या शेजारी त्यांची मैत्रीण बसली. मैत्रिणीपलीकडे एक गृहस्थ बूट काढून बसले. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली, "ज्येष्ठांसाठी रस्त्याच्या मध्यभागी आसनाची व्यवस्था करणाऱ्या दानशूर नागरिकाचे आम्ही आभार मानतो!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण दानशूर नाही हे सांगायला मुद्रितशोधकाने तोंड उघडले. पण टाळ्या ओसरेपर्यंत रांग लागली होती.

फोन वाजला. बायको होती.

"अहो, आपल्या सोफ्यावर कोण बसलंय? बाबा खिडकीतून बघताहेत. लालेलाल झालेत."

"ओळखीचे नाहीत."

"मग उठवा ना!"

"कसं उठवू? आजींचा डोळा लागलाय."

पलीकडे फोनची ओढाताण ऐकू आली आणि मग बाबांचा, बसच्या घंटीसारखा खणखणीत आवाज. "गाढवा, तुला एक काम धड जमत नाही. थांब तिथंच. मी येतो."

फोन बंद झाला. 'मी येतो' हे दोन शब्द त्याने आठ महिन्यांत ऐकले नव्हते. त्याने वर पाहिले. खिडकी रिकामी होती.

तीन जिने उतरायला बाबांना वीस मिनिटे लागली. फाटकातून बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता; मागे दोन पावलांवर सून, हात अर्धवट पुढे करून, पण न धरता. पदपथाच्या कडेला बाबा थांबले. सवयीने उजवीकडे पाहिले. एक लहान मुलगी दातांत जीभ धरून सायकल शिकत होती आणि तिचा बाप धापा टाकत मागे धावत होता. त्यांनी डावीकडे पाहिले. दोन बायका रस्त्याच्या बरोबर मध्यातून गप्पा मारत, हात हलवत चालल्या होत्या. पुन्हा उजवीकडे पाहिले. पुढे व्हावे, हात द्यावा, असे मुद्रितशोधकाला वाटले, पण सुनेने मान हलवून त्याला थांबवले.

बाबा खाली उतरले आणि चालत सोफ्यापाशी आले. मुलाला सुनावायचे चार शब्द त्यांनी वाटेत नक्कीच जुळवले असणार. पण जवळ आल्यावर ते जमिनीकडेच बघत राहिले.

"इथंच ना रे?" ते हळूच म्हणाले. "त्या दिवशी."

मुद्रितशोधकाने समोरचा विजेचा खांब बघितला, औषधाचे दुकान बघितले. "हो बाबा. इथंच असेल."

"हं," बाबा म्हणाले. "सरका जरा."

बूटवाले गृहस्थ बूट उचलून उठले. बाबा बसले. सायकली दोन्ही बाजूंनी वळसा घालून जात होत्या, एकाही सायकलने घंटी वाजवली नाही.

"एकतीस वर्षं इथून गेलो," बाबा म्हणाले, "पण रस्ता असा बघितलाच नाही कधी. कायम पुढच्या गाडीचं बूड बघत होतो."

समोरच्या दुकानातून टेलरमास्तर टेप गळ्यात तसाच ठेवून आले. गेले आठ महिने हे दोघे रोज सकाळी रस्त्याच्या दोन काठांवरून एकमेकांना हात करत होते.

"काय हो चालकसाहेब, खाली कसे आज?"

"सोफ्यावर लोक बसले होते. उठवायला आलो."

"मग उठवले का?"

बाबांनी झोपलेल्या आजींकडे बघितले. "राहू दे. झोप मोडू नये कोणाची." आणि स्वतः आणखी थोडे सरकून त्यांनी टेलरमास्तरांना जागा केली.

पावणेबाराला शिट्टीवाली मुलगी आली. रस्ता खुला व्हायचा होता. आजी उठल्या, तोंड पुसून निघून गेल्या. या वेळी सोफा उचलायला आठ जण होते आणि हुकूम द्यायला बाबा. "येऊ द्या, येऊ द्या, डावं दाबा, बास!" अशा आरोळ्या देत त्यांनी सोफा एकदाही कुठे न घासता फाटकातून आत घेतला. जिन्याच्या पहिल्या वळणावर मात्र तो अडकला. उभा करून पाहिला, आडवा केला, पाठीवर घेतला. चार बोटे कमी पडत होती.

"दाराचं माप घेतलं होतं मी," मुद्रितशोधक घाम पुसत म्हणाला.

"सोफा काय विमानातून दारात उतरणार होता का?" बायको म्हणाली.

दुकान परत घेत नव्हते. सोफा तळमजल्यावर, जिन्याखाली राहिला. सोय झाली की उचलू, असे ठरले.

सोमवारी मुद्रितशोधक कामावरून परतला, तेव्हा सोफ्यावर बाबा, टेलरमास्तर आणि पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका बसल्या होत्या. गप्पा अशा रंगल्या होत्या की त्याच्याकडे कोणाचे लक्षही गेले नाही. दिवसभर वाकून वाचल्याने त्याची पाठ दुखत होती. तो थोडा वेळ घुटमळला.

"बाबा, उद्या सुतार येऊन सोफ्याचे पाय काढून बघेल. वर जाईल म्हणतोय."

तिघांच्याही गप्पा थांबल्या.

"त्याला कळव, नको म्हणावं," बाबा म्हणाले.

"पण तुम्हाला वर बसायला—"

"मी खाली येतो ना!" बाबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. "तू दमलेला दिसतोस. जा वर. वर खूप जागा आहे बसायला."