दुसरा चहा

"आज स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही," दाजींनी बायकोला, म्हणजे बाईंना, बजावलं. "तीस माणसांचा चहा मी करणार!"

बाई कालच शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि आज चार वाजता शाळेतली सगळी मंडळी घरी यायची होती. पस्तीस वर्षं बाईंनी शाळेतून आल्या आल्या, तपासायच्या वह्या खाली ठेवून आधी दाजींसाठी चहा केला होता. दाजींनी मात्र आजवर एक कपही केला नव्हता. आज तरी बाईंना आयता चहा मिळावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. मन चांगलंच होतं बिचाऱ्यांचं, तक्रार कधी त्याबद्दल नव्हतीच.

दाजी छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून काढून त्यांची अशी समजूत झाली होती की चुका या दुसऱ्यांच्याच असतात. मदतीला बाईंचा धाकटा भाऊ आला होता. तो बस चालवायचा, आणि नेमून दिलेल्या रस्त्यावरून इंचभरही न हलणं हा त्याचा स्वभावच झाला होता.

"दाजी, चहा ठेवू का?"

"ठेवायला तो काय सामान आहे? चहा टाकतात! टाकू का, असं म्हण."

"बरं, टाकू का?"

"आता कसं बोललास!"

सकाळपासून मेहुण्याला अशी तीनदा बोलणी बसली होती. त्यामुळे दाजी म्हणतील ते मुकाट्यानं करायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

दाजींनी आधी एकच कप करून पाहिला. रंग झकास आला, आल्याचा वास घरभर पसरला. चव मात्र त्यांनी घेतली नाही. पहिला घोट बाईंचा, असं म्हणून त्यांनी तो छोट्या पातेलीत झाकून ठेवला. मग शेजारणीकडून आणलेल्या दोन मोठ्या पातेल्यांत पंधरा पंधरा कप चढवले. वेळ पडलीच तर म्हणून आणखी पंधरा कपांचं दूध, साखर आणि चहापूड मोजून बाजूला ठेवली. इतका सावध माणूस, पण पहिल्या पातेल्यात दुधाला उकळी यायच्या आतच आलं पडलं आणि चहा फाटला. दुसऱ्यातला मात्र सुरेख उतरला.

तेवढ्यात बेल वाजली. मंडळी दहा मिनिटं आधीच हजर! मुख्याध्यापकांनी दाजींचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं आणि शाळेच्या गळक्या छपराची हकीकत सुरू केली. दाजींना उठता येईना.

पडद्याआडून मेहुण्यानं डोकं काढलं. "दाजी, त्या फाटलेल्याचं काय करू?"

बाईंच्या भुवया वर गेल्या. दाजी घाईघाईनं पुटपुटले, "तो टाकून दे. आणि दुसरा टाक."

"दुसरा पण?"

"अरे, पहिला गेला म्हटल्यावर दुसरा नको टाकायला?"

"नक्की ना?"

"नक्की! माणसं खोळंबलीत. आवर लवकर!"

पाच मिनिटांनी डोकं पुन्हा आलं. "दाजी, दुसरा पण टाकला."

"शाबास!" म्हणून दाजी निर्धास्त झाले आणि गळक्या छपराकडे वळले.

छप्पर एकदाचं संपल्यावर ते आत गेले. ओट्यावर दोन्ही पातेली घासूनपुसून पालथी घातली होती. मोजून ठेवलेलं दूध होतं तिथंच होतं. दाजींच्या तोंडचं पाणी पळालं.

"चहा कुठाय?"

"टाकला की," मेहुणा म्हणाला आणि त्यानं मोरीकडे बोट दाखवलं.

मागोमाग बाई आत आल्या. पालथी पातेली, भावाचं बोट आणि नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांना सगळा उलगडा झाला. पदर तोंडाशी धरून त्या पोटभर हसल्या, मग बाहेर जाऊन शांतपणे म्हणाल्या, "बसा हं, चहा टाकलाय."

दाजींनी सवयीनं ते वाक्य मनात तपासलं. त्यात एकही चूक नव्हती.

मेहुण्यानं उरलेल्या पंधरा कपांचं दूध चढवलं. तीस जणांना अर्धा अर्धा कप पुरणार होता. दाजींनी मान खाली घालून छोटी पातेली गरम केली आणि कप बाईंपुढे धरला. "तुला आयता चहा द्यायचा होता गं. एवढाच उरलाय."

बाईंनी उभ्या उभ्याच तो कप शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. पस्तीस वर्षं लाल शाईनं वह्या तपासलेल्या बाईंकडे दाजी परीक्षेला बसल्यासारखे बघत होते.

"काही चूक?"

"एकही नाही," बाई म्हणाल्या आणि पाहुण्यांत जाऊन बसल्या.

दाजींची छाती फुगली. पातेलीच्या तळाशी घोटभर चहा होता, तो त्यांनी तोंडाला लावला. कडूजहर! त्यात साखरच नव्हती.

बाहेर बाई कुणाला तरी सांगत होत्या, "आमच्या ह्यांच्या हातचा चहा काय सुरेख होतो!"

दाजी ते दुरुस्त करायला पडद्यापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. मग परत येऊन त्यांनी पातेली हळूच विसळून ठेवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एक चूक तशीच जाऊ दिली.