दाना ओलीतली भरती-ओहोटी

आमच्या दाना ओली गल्लीत दूधवाला येण्याआधी पुराणिक सर दाराबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहीत: ‘मालवण. आजची भरती सहा वाजता.’ ग्वाल्हेरहून कुठल्याही दिशेला निघा, एक रात्र गाडीत काढल्याशिवाय समुद्र दिसत नाही. आमच्या गल्लीत नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, तेही कधी येईल याचा नेम नसे. पण मालवणला पाणी कधी चढणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

नवा कोणी विचारायचाच, “सर, ग्वालियर में समंदर कहाँ?”

सर चष्मा पुसत म्हणत, “ग्वाल्हेर किनाऱ्यावरच आहे. किनारा जरा लांब पडलाय, एवढंच.”

सर आम्हाला विज्ञान शिकवत. नववीच्या पुस्तकात समुद्रावर दीड पान होतं, ते सरांनी तीन महिने पुरवलं. रविवारी नाल्याच्या पुलावर वर्ग भरे. वाहत आलेली एक वस्तू निवडायची आणि तिचा पुढचा प्रवास सांगायचा.

“ही चप्पल कुठे निघाली?”

“नाल्यातून नदीत, नदीतून आपल्या इकडच्या सिंध नदीत, मग यमुना, मग गंगा, मग समुद्र.”

“मग?”

“मग तिचे तुकडे होतात सर. मासा खातो.”

“आणि मासा कोण खातो?”

निम्मा वर्ग शाकाहारी. इथे सगळे एकमेकांकडे बघत.

माझी आई एकदा निर्माल्य थैलीसकट पुलावरून टाकताना सरांच्या तावडीत सापडली. “वहिनी, फुलं देवाची, थैली कोणाची?” एवढंच विचारलं त्यांनी. आई दोन महिने लांबच्या पुलावरून बाजारात जात होती. आता मात्र फुलं कुंडीत पुरते आणि दुसऱ्यांनाही सुनावते.

समोरच्या शर्मा आंटींनी एकदा सरांना पेचात धरलं. “गंगा तो बंगाल जाती है, और आप टाइम मालवण का लिखते हो?”

“समंदर एक ही है, भाभीजी. नाम हमने अलग रखे हैं.”

मालवणच का, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, सगळा विक्षिप्तपणाच आहे म्हटल्यावर त्यातल्या एका गोष्टीचं काय विचारायचं?

हिशेब मात्र सोपा होता. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. कोकणात असंच काढतात म्हणे. गल्लीतल्या बायकांनी त्याचा उलटा उपयोग शोधला. फळ्यावर सव्वाआठ दिसले की एकादशी, कुकर लावायचा नाही. घरोघरी कॅलेंडर होतं, पण भरवसा फळ्यावर.

मी बारावीत होते त्या थंडीत पुराणिक काकू गेल्या. काकू फारशा बाहेर पडत नसत, त्यामुळे गल्लीला त्यांची ओळख बेताचीच. तेरा दिवसांनी फळा पुन्हा सुरू झाला. आणि महिन्याभरात घोटाळा झाला. सव्वाआठ वाचून अख्ख्या गल्लीने उपास केला, संध्याकाळी देवळात कळलं की आज दशमी. आई आणि शर्मा आंटी तावातावाने सरांकडे गेल्या. सरांनी ओल्या फडक्याने फळा पुसला आणि ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी फळा कोरा. रविवारी पुलावर अजूनही जाणारे आम्ही चौघं ताटकळलो, सर आलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी मला राहवेना. पुढे समुद्राचंच शिकायचं हे मी त्यांच्यामुळे ठरवलं होतं. त्यांनीच असं हात टेकले तर मी घरी कुणाच्या जोरावर बोलणार होते?

सर पलंगावर बसले होते. उशाशी पंचांग होतं, त्यात खूण म्हणून काकूंचा केसांचा आकडा खोचलेला.

“बेटा, फळा माझा नव्हता गं,” ते म्हणाले. “तिचं माहेर मालवण. इथे आली तेव्हा रात्री झोपेना, म्हणे लाटांचा आवाजच नाही. मग रोज पहाटे पंचांग बघून तीच आतून वेळ सांगायची, मी लिहायचो. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा. तिला घेऊन जायचं दर मे महिन्यात ठरायचं, आणि दर मे महिन्यात काहीतरी निघायचं. मी अजून समुद्र पाहिलेला नाही.”

“मग चूक कशी झाली सर?”

“तिचं पंचांग उघडायचा धीर होईना. मी आपला रोज पाऊण तास वाढवत गेलो. नवमी दोन दिवस होती, ते मला कुठून कळणार?”

मी पंचांग घेतलं. आकडा होता त्याच पानावर राहू दिला, आजचं पान उघडलं आणि तिथी वाचली. सर उठले आणि खडू शोधायला लागले. बारावीचा निकाल लागेपर्यंत रोज पहाटे मी तिथी वाचली आणि सरांनी लिहिलं. निकाल लागला तेव्हा ते स्वतः आमच्या घरी आले आणि मला समुद्राचं शिकू द्या म्हणत दोन तास बाबांसमोर बसून राहिले. बाबा शेवटी “हो” म्हणाले ते बहुधा त्यांनी घरी जावं म्हणून.

आता मी मालवणजवळच्या किनाऱ्यावर वाळू चाळून प्लास्टिकचे तुकडे मोजते. हे काम, हा समुद्र, सगळं मला त्या माणसाने दिलं, आणि याबद्दल मी त्यांचे आभार मानले की ते विषय बदलतात. इकडे या म्हटलं तर गुडघे पुढे करतात. पंचांग आता स्वतः उघडतात, एवढं मात्र आहे.

गेल्या एकादशीला सकाळी सव्वाआठला मी त्यांना फोन लावला. “सर, काही बोलू नका, फक्त ऐका,” म्हटलं आणि फोन लाटांसमोर धरला.

दोन-तीन लाटा फुटून गेल्या. मग सरांचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता.

“ऐकलंस ना? सव्वाआठच. तुझं बरोबर होतं.”

पाणी घोट्यापर्यंत आलं, तरी फोन तसाच धरून उभी राहिले.