विलायती मोलकरणीची ओटी

सहामाहीत इंग्रजीत वर्गात पहिली आल्यापासून शालूची मान जरा जास्तच ताठ झाली होती. उकंडरावकाकांनी चिखलीतल्या त्यांच्या गल्लीतला पहिला टीव्ही आणला आणि रविवारी दुपारी त्यावर इंग्रजी मालिका लागू लागली, तेव्हा जमलेल्या बायकांना ती समजावून सांगायचं काम शालूनं कुणी न सांगताच उचललं. मालिका होती विलायतेतल्या एका जुन्या जाडजूड कादंबरीवरची, बड्या घरातल्या मोलकरणीची. शालूला त्यातलं 'येस', 'नो' आणि 'थँक्यू' अगदी स्वच्छ कळायचं. बाकीचं ती मनानं भरायची.

काकांची अट एकच होती. "वंगाळ काही दिसलं, तं टीव्हीले कुलूप!" टीव्हीला लाकडी दारं होती आणि किल्ली काकांच्या करदोट्याला.

पहिल्याच रविवारी मालकाच्या पोरानं मोलकरणीचा हात धरला. काका खुर्चीत सरसावले.

"हा कोन व्हय तिचा?"

"भाऊ!" शालूच्या तोंडून निघून गेलं. "लहानपनी जत्रेत हरवला होता."

काका मागे टेकले. पण पुढच्या काही रविवारांत मोलकरणीचं पोट दिसू लागलं.

"नवरा कुठी हाय इचा?"

"मिलिटरीत."

"मंग इचं सारं कोन पाह्यते?"

"भाऊच पाह्यते, काका."

"पाहा!" काका गहिवरले. "भाऊ असावा तं असा!"

शेजारच्या मंजुळाबाईंना वेगळीच काळजी लागली. "नवरा दूर, जवळ सासू ना माय. मंग सातव्या महिन्याची ओटी कोन भरन पोरीची?"

शालू खुदकन हसली. पण पुढच्या रविवारी बायका खण, नारळ, गहू घेऊनच आल्या. काकांच्या बायकोनं, रुखमाकाकूंनी, टीव्हीला हळदकुंकू लावलं. नेमका तेव्हाच 'भाऊ' गुडघ्यावर बसला आणि त्यानं मोलकरणीच्या बोटात अंगठी घातली.

"काऊन वं शालू, हा अंगठी काऊन घालून राह्यला?"

"रा... राखी व्हय, काका. त्याइच्यात भाऊच बांधते."

'भाऊ' उठला आणि तिच्या तोंडाशी तोंड नेऊ लागला. शालूचं होतं नव्हतं तेवढं इंग्रजी संपलं.

"चला वं, ओटीची वेळ झाली!" काकू ओरडल्या. साऱ्या बायका एकदम उठून टीव्हीपुढे उभ्या राहिल्या. काकांना फक्त लुगडी दिसली. बायका बसल्या तोवर मालिका संपून बातम्या लागल्या होत्या. काका उठून आत गेले.

शालू रडकुंडीला आली. "काकू, तो तिचा भाऊ नव्हता."

"माय वं! आमाले काय डोये नाहीत? भाऊ असा पाह्यते काय बहिनीकडं? पह्यल्याच दिवशी समजलं."

"मंग बोलल्या काऊन नाही?"

"बोललो असतो, तं लागलं असतं कुलूप. अन् बिनलग्नाच्या पोरीची ओटी भरू देल्ली असती का तुह्या काकानं?" मंजुळाबाई म्हणाल्या. "पोर एकटी होती. तेवढं तं खरं होतं ना?"

म्हणजे एवढे रविवार शालू कुणाला समजावून सांगत होती?

तेवढ्यात काका धुतलेला सदरा घालून बाहेर आले. हातात पिशवी, पिशवीत कोरं लुगडं.

"मोताळ्याले जाऊन येतो, बहिनीकडं. किती साल झाले, गेलोच नाही. तो इंग्रज असून एवढं करते, अन् मी..."

शालूच्या इंग्रजीवर भरवसा ठेवणारा अख्ख्या गल्लीत एकच माणूस होता, आणि तो डोळे पुसत एसटी स्टँडकडे निघाला होता.