अकरा वर्षांची पहिली दहा मिनिटं

यंत्र चालवलं की बिघडतं. जगातल्या झाडून सगळ्या यंत्रांची चौकशी केली तर बिघाडाचं मुख्य कारण वापर हेच निघेल. उरलेली कारणं (गंज, उंदीर, पाहुणे) किरकोळ आहेत. म्हणून ज्याला यंत्राची खरी कदर असते तो ते चालवण्याची घाई करत नाही. ही साधी गोष्ट समजायला माणसांना उभं आयुष्य पुरत नाही. वजनमापं निरीक्षकांना मात्र ती एका रविवारी सकाळी गच्चीवर, हातांना एरंडेलाचा वास येत असताना समजली, आणि त्याला आता अकरा वर्षं होत आली.

निरीक्षकांची नोकरी म्हणजे दुकानोदुकानी तराजू तपासून त्यांवर शिक्का मारणं. काटा केसभर हलला तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. अशा माणसाच्या तेरा वर्षांच्या लेकीनं एक दिवस खेळण्यांच्या दुकानात विमानाच्या लिंबाएवढ्या इंजिनाकडे बोट दाखवलं. दुकानातलं ते सर्वांत स्वस्त इंजिन होतं. "स्वस्तातलं आहे, पण काळजी घेतलीत तर बिघडणार नाही," दुकानदार म्हणाला. हे वाक्य तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत असे. ते मनावर घेणारं गिऱ्हाईक त्याला प्रथमच भेटलं.

बापलेकीनं महिनाभर खपून हलक्या लाकडाचं विमान बनवलं. लेकीनं ते पिवळं रंगवलं आणि खिडकीत दोन चेहरे काढले, एक तिचा आणि एक मिशीवाला. "झालं ना? आता उडवायचं," ती म्हणाली. "उडवायचंच," निरीक्षक म्हणाले, "फक्त आधी माहितीपुस्तिका वाचू."

पुस्तिका चार पानांची होती. पान दोन: नवीन इंजिन प्रथम एकूण दहा मिनिटं स्टँडवर चालवावं, मगच उडवावं. पान तीन: प्रत्येक वेळी चालवल्यानंतर इंजिन आतूनबाहेरून स्वच्छ करावं. पान चार: इंजिन उघडल्यास ते पुन्हा नवीन समजावं. तिन्ही सूचना अत्यंत शहाणपणाच्या आहेत. सर्वसामान्य माणूस त्यांतली कुठली तरी एकच वाचतो, त्यामुळे त्याचं विमान उडतं. निरीक्षकांनी तिन्ही वाचल्या.

त्यांनी गच्चीवर लाकडी स्टँड ठोकला, एरंडेल मिसळलेलं इंधन भरलं, पंख्याला झटका दिला. इंजिन चार मिनिटं सुरेख चाललं आणि थांबलं, कारण टाकीत इंधनच चार मिनिटांचं मावत होतं. चालवलं म्हणजे स्वच्छ करणं आलं. आतून स्वच्छ करायचं म्हणजे उघडणं आलं. आणि उघडलं म्हणजे, पान चार अन्वये, इंजिन नवीन झालं. पुढच्या रविवारी निरीक्षकांनी पहिल्या मिनिटापासून सुरुवात केली.

"अहो, मोठी टाकी आणा की," बायको म्हणाली.

"पुस्तिकेत मोठ्या टाकीचा उल्लेख नाही," निरीक्षक म्हणाले, आणि विषय संपला.

देखभालीची जी पद्धत यातून आकाराला आली तिला तोड नाही. अकरा वर्षांच्या वहीतली अधिकृत आकडेवारी अशी: इंजिन सुरू केलं २१२ वेळा. उघडलं २१२ वेळा. झिजवलेले दात घासायचे ब्रश ३८ (पैकी घरच्यांच्या चालू वापरातले ४, नजरचुकीनं). पुसायची मऊ फडकी ९ (सर्व पूर्वाश्रमीच्या उशीच्या खोळी). गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांना एरंडेलाचा वास लागल्याच्या तक्रारी असंख्य, त्या वेगळ्या वहीत. उड्डाणं: निरंक. विमान या काळात कपाटावर होतं. बायको दर महिन्याला ते खाली उतरवून पुसायची आणि म्हणायची, "याची पण हवाई सफर होते हो, कपाट ते पलंग."

गावात हौशी विमान मंडळ नावाची, निरीक्षकांसह चौदा सभासदांची एक संस्था आहे. उड्डाणांच्या मानानं हवेत सर्वांत कमी वेळा बंद पडलेल्या इंजिनाला मंडळ दरवर्षी विश्वसनीयतेची ढाल देतं. मंडळाचे चिटणीस दाताचे डॉक्टर. त्यांचं इंजिन त्याच दुकानातलं, त्याच जातीचं. पण त्याची टाकी रबरबँडनं बांधलेली, इंधन दवाखान्यातल्या सिरिंजनं भरलेलं, आणि साफसफाई म्हणजे पँटीच्या मांडीवर एक घासा. अशा माणसाकडे लोक तोंड उघडून निर्धास्त कसे बसतात, हे निरीक्षकांना कोडंच होतं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी ६१ उड्डाणं केली. इंजिन हवेत २३ वेळा बंद पडलं. निरीक्षकांचं इंजिन हवेत शून्य वेळा बंद पडलं. ढाल सलग चौथ्यांदा निरीक्षकांच्या घरी आली. डॉक्टरांनी स्वतः ती हातात दिली आणि टाळ्याही वाजवल्या (माणूस म्हणून ते वाईट नाहीत).

लेक या अवधीत तेरावरून चोवीसवर आली. तिनं विचारायचं कधीच सोडलं होतं. असं असताना तिला लांबच्या शहरात नोकरी लागली, सोमवारचं तिकीट निघालं, आणि गुरुवारी जेवताना ती अचानक म्हणाली, "बाबा, जायच्या आधी एकदा उडवू या. रविवारी."

निरीक्षकांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांना विमान उडवायचं नव्हतं असं कुणी समजू नये. फार उडवायचं होतं, आणि तिच्यासोबतच उडवायचं होतं. तेवढ्यासाठीच तर अकरा वर्षं ते इंजिनाला जपत होते.

"पाहू," ते म्हणाले.

"पाहू म्हणजे नाही ना?" बायको आमटी वाढता वाढता म्हणाली. "तिला स्पष्ट सांगा, उगाच आशा लावू नका."

शनिवारी निरीक्षक गच्चीवर गेले आणि त्यांनी आयुष्यातला पहिला नियमभंग केला. इंजिन चार मिनिटं चाललं. त्यांनी ते न उघडता पुन्हा टाकी भरली. चार मिनिटं. पुन्हा भरली. दोन मिनिटं. दहा मिनिटं भरली! घटनेची नोंद वहीत लाल शाईनं झाली.

रविवारी माळावर मंडळाचे सगळे सभासद हजर होते. बातमी फुटलेली होती. विमान गवतावर ठेवलं, आणि निरीक्षकांची नजर इंजिनावर गेली. शनिवारचं तेल त्याच्यावर सुकून तपकिरी झालं होतं. आत काय अवस्था असेल, हा विचार त्यांच्या मनातून जाईना. त्यांचा हात आपसूक खिशात गेला आणि पेचकस घेऊन बाहेर आला.

"बाबा, उघडू नका."

"चार मिनिटांचं तर काम आहे गं."

"आणि मग?"

मग पान चार होतं, हे दोघांनाही माहीत होतं. निरीक्षकांनी पेचकस स्क्रूला लावला.

"बाबा, मी उद्या जातेय."

ती रागावून बोलली असती तर निरीक्षकांकडे उत्तर होतं. दुकानदारांची आदळआपट त्यांनी तीस वर्षं ऐकली होती. पण ती अगदी साधेपणानं बोलली. तिनं त्यांच्या हातातून पेचकस काढून घेतला आणि आपल्या खिशात टाकला. डॉक्टर पुढे आले, सिरिंजनं टाकी भरली आणि इंजिन पेटायला बॅटरीची क्लिप लावली. लेकीनं पंख्याला झटका दिला. इंजिन लगेच सुरू झालं, जसं ते आधी प्रत्येक वेळी झालं होतं.

डॉक्टरांनी रिमोटनं विमान हवेत चढवलं आणि रिमोट लेकीच्या हातात दिला. तिनं एक वेडीवाकडी फेरी मारली, किंचाळली, आणि रिमोट बापाच्या हातात खुपसला. "धरा!" निरीक्षकांनी धरला. पिवळं विमान माळावर गिरकी घेत होतं, खिडकीतली दोन माणसं खालून दिसत नव्हती, पण ती तिथे आहेत हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. एरंडेलाचा धूर डोळ्यांना झोंबतो असं वहीत नमूद आहे; विमान त्या वेळी दोनशे पावलं लांब होतं, हे नमूद नाही.

चौथं मिनिट संपलं आणि इंधन संपलं. विमान झुडपात घुसलं, एक पंख मोडला, इंजिनात नाकातोंडापर्यंत चिखल गेला. चिटणीस या नात्यानं डॉक्टरांना नोंद करणं भागच होतं: उड्डाणं एक, हवेत बंद पडण्याच्या घटना एक. बिघाडाचं प्रमाण शंभर टक्के, मंडळाच्या इतिहासात सर्वांत वाईट. ढाल त्याच संध्याकाळी परत मागवण्यात आली. निरीक्षकांनी ती स्वतः नेऊन दिली आणि वाटेत ते शीळ घालत होते, असं दोन सभासद सांगतात.

सोमवारी लेक गेली. जाताना मोडक्या विमानातला खिडकीचा तुकडा तिनं बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवला. बायकोनं डोळे पुसले आणि कपाटावरची जागा पुसली. निरीक्षकांनी इंजिन हातात घेतलं, पुस्तिकेकडे एकदा पाहिलं, आणि इंजिन पँटीच्या मांडीवर घासून पुसलं.

आता प्रश्न उरला ढालीचा. चार वर्षांत मंडळाला शून्य बिघाडाचीच सवय झाली आहे, आणि तसा दुसरा उमेदवार मंडळात नसल्यानं ढाल यंदापासून सर्व नागरिकांना खुली करण्यात आली आहे. काचेच्या कपाटातला पाहुण्यांसाठीचा चहाचा सेट, वेष्टन न काढलेला रंगांचा डबा, निवांत वेळ मिळाला की कुणाला तरी घेऊन जायचं म्हणून ठरवलेला प्रवास, असं काहीही पात्र धरलं जाईल. अट एकच, वस्तू अद्याप एकदाही बिघडलेली नसावी. वाचकांनी अर्ज पाठवण्याची तसदी घेऊ नये. तुमचं नाव तुमच्याच घरातून आधीच आलेलं आहे.