विंगेतले परबकाका

परबकाकांच्या आसपास उभं राहून बोलताना माणसाला वाक्याच्या मध्येच थांबायची सोय नव्हती. तुम्ही क्षणभर अडखळलात, की पाठीमागून दबक्या आवाजात पुढचे शब्द यायचे. ते तुमच्या मनातले असायचेच असं नाही, पण इतक्या ठामपणे यायचे की तुम्ही तेच म्हणून मोकळे व्हायचात.

आमच्या बोरिवलीच्या इमारतीत तळमजल्यावरचे पेडणेकर वारले, तेव्हा माझे वडील त्यांच्या मुलाचा हात हातात घेऊन "काय बोलू..." एवढंच म्हणाले. त्यांना तेवढंच म्हणायचं होतं. पण मागून परबकाका कुजबुजले, "आभाळच फाटलं." वडील म्हणाले, "आभाळच फाटलं." काका म्हणाले, "तिथे ठिगळ कुठे कुठे लावणार." वडिलांनी तेही म्हटलं. असं करत करत त्यांचं भाषण इतकं लांबलं, की शेवटी पेडणेकरांच्या मुलानेच त्यांना खुर्चीवर बसवून पाणी दिलं.

पाण्याच्या वेळेवरून शहाभाभी आणि राणेकाकूंची जुंपली, तेव्हा तर काकांनी दोन्ही बाजूंना वाक्यं पुरवली. राणेकाकू भडकल्या. "तुम्ही नक्की कुणाकडचे हो?" काका शांतपणे म्हणाले, "प्रॉम्प्टरनं बाजू घ्यायची नसते. नाटक पडता कामा नये, एवढंच बघायचं."

कारण काका खरोखरचे प्रॉम्प्टर होते. मूळचे मालवणकडचे, परळच्या एका कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. गिरणीतले कामगार दरवर्षी नाटक बसवायचे, आणि त्या प्रत्येक नाटकाला विंगेत हातात वही घेऊन उभे असायचे ते अनंत परब. राजापासून द्वारपालापर्यंत सगळ्यांची वाक्यं त्यांना पाठ. स्वतः मात्र रंगमंचावर कधी पाऊल टाकलं नाही. पुढे गिरणी बंद पडली, नाटकं बंद पडली, काका अंधेरीच्या एका स्क्रूच्या कारखान्यात टाइमकीपर झाले. पण विंग काही त्यांच्यातून गेली नाही. "घाबरतेस कशाला? विंगेत मी आहे," हे ते दहावीच्या मुलांपासून लग्नाच्या मुलींपर्यंत सगळ्यांना सांगायचे.

लग्नाच्या मुलींना तर त्यांनी सांगूच नये, असं राणेकाकूंच्या सुनंदाच्या लग्नानंतर ठरलं. सुनंदा नाव घ्यायला उभी राहिली आणि उखाणा विसरली. काका तिच्या मागे होतेच. त्यांनी सांगितलं, तिने घाबरून जसंच्या तसं म्हटलं, "चांदीच्या वाटीत केशराचं पाणी, अनंतरावांचं नाव घेते परबांची राणी." नवऱ्या मुलाचं नाव संजय होतं, आडनाव कदम. मांडवात अशी शांतता पसरली, की आचारीसुद्धा बाहेर डोकावला. काकांनी कानाला हात लावून सगळ्यांची माफी मागितली. हा काकांच्या बायकोचा, सुशीलाकाकूंचा उखाणा होता. काकू जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि काकांना मूलबाळ नव्हतं. उखाणा म्हटल्यावर त्यांना तेवढा एकच आठवला.

अशा माणसाच्या तावडीत आमची लीलाम्मा सापडली.

लीलाम्मा ही माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची चुलत बहीण. कोट्टायमजवळच्या गावाची, नर्सिंग पास झालेली. मैत्रीण वाकोल्याला एका खोलीत सहाजणांबरोबर राहायची, म्हणून लीलाम्मा आमच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून आली आणि माझ्या खोलीत तिची पेटी शिरली. केरळात शिकलेल्या नर्सला इथे काम करायचं तर महाराष्ट्रात पुन्हा नाव नोंदवावं लागतं. त्यात बरेच महिने गेले. नोंदणी झाली त्या दिवशी तिने माझ्या आईला कमरेला धरून स्वयंपाकघरात गोल फिरवलं. आईला आयुष्यात असं कुणी फिरवलं नव्हतं. ती दिवसभर लाजत होती.

पण नोकरी मिळेना. जिथे जावं तिथे पहिला प्रश्न, मराठी येतं का? उपनगरातल्या लहान नर्सिंग होममध्ये सगळे पेशंट आजूबाजूचे, त्यांना इंग्रजी कळत नाही, आणि लीलाम्माचं हिंदी म्हणजे तीन क्रियापदं. तिकडून भावाने निरोप पाठवला होता, दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर राहा, नाही तर परत ये, एक स्थळ बघून ठेवलंय. लीलाम्माला परत जायचं नव्हतं. "मंगल, मी शिकली ते इंजेक्शन द्यायला, पायसम करायला नाही," ती मला म्हणाली. हे तिचं पहिलं अखंड मराठी वाक्य.

हे काकांच्या कानावर गेलं आणि ते संध्याकाळी धोतर बदलून, केस चापून, आमच्या दारात हजर.

"इंटरव्ह्यू म्हणजे काय? नाटकच," ते म्हणाले. "डॉक्टर बोलणार, ही बोलणार. उद्यापासून तालीम."

आणि खरंच तालीम सुरू झाली. आमच्या बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर वडिलांना पेशंट म्हणून झोपवलं. आई पेशंटची नातेवाईक, तिला पदर डोळ्यांना लावायची सक्त ताकीद. काका स्वतः डॉक्टर, माझी जुनी, स्टेथोस्कोपसारखी दिसणारी उड्या मारायची दोरी गळ्यात घालून. हळूहळू इमारतीतले लोक शनिवारचा टीव्हीवरचा मराठी सिनेमा सोडून आमच्याकडे यायला लागले. राणेकाकूंना बाळंतिणीची भूमिका मिळाली, तेव्हापासून उखाण्याचं प्रकरण त्या विसरल्या.

"ताप किती दिवस आहे, काका?" लीलाम्मा वडिलांना विचारायची.

"वाक्य खाऊ नकोस," परबकाका ओरडायचे. "शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे."

"शेवटची रांग कुठे आहे, अंकल?"

काकांनी खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं. मग लीलाम्माने छाती भरून श्वास घेतला आणि विचारलं, "आज पोट साफ झालं का?" समोरच्या गॅलरीत पेपर वाचत बसलेले शहाशेठ दचकून उठले आणि नम्रपणे म्हणाले, "हां बेन, थई गयुं."

आमच्यावर हसून लोळायची वेळ आली. काका मात्र खूश. "बघ, पब्लिक रिस्पॉन्स देतंय."

महिन्याभरात लीलाम्मा मराठीत ताप विचारायला, दम भरायला आणि गोड बोलायला शिकली. वडील आडवं पडून पडून खरंच आळशी झाले. आणि एक दिवस मैत्रीण निरोप घेऊन आली, की स्टेशनच्या पलीकडच्या एका नर्सिंग होममध्ये सकाळच्या ड्युटीला नर्स हवी आहे. डॉक्टर करंदीकरबाईंनी सोमवारी भेटायला बोलावलंय. दिवाळी तोंडावर आली होती. यापुढे दुसरी संधी नव्हती.

सोमवारी आमच्या घरात लग्नघर असावं तशी धांदल. आईने लीलाम्माच्या हातावर दही दिलं. राणेकाकूंनी गजरा आणला, तो काकांनी परत पाठवला, "नर्स आहे ती, नायिका नाही." लीलाम्माचे डोळे लकाकत होते. मी अर्ध्या दिवसाची रजा काढली. आणि परबकाकांनी पूर्ण दिवसाची.

"तुम्ही कशाला?" मी विचारलं.

"प्रॉम्प्टरशिवाय नाटक उभं राहत नाही, गं."

त्यांना बाहेरच्या बाकावर बसवायचं, असं मी मनात ठरवलं होतं. पण आत शिरताच कंपाउंडरने विचारलं, "पेशंट कोण?" आणि मी तोंड उघडायच्या आत काकांनी हात वर केला. कंपाउंडर त्यांना सरळ डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेला आणि हिरव्या पडद्यामागच्या तपासणीच्या टेबलावर बसवून आला. आम्हाला पाठोपाठच बोलावलं. त्या हिरव्या पडद्याखाली काकांच्या कोल्हापुरी चपला दिसत होत्या.

करंदीकरबाई पन्नाशीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. "शिक्षण कुठे झालं?" त्यांनी विचारलं.

लीलाम्मा एक क्षण थांबली. पडदा कुजबुजला, "कोट्टायमला..."

बाईंनी मान वर केली. "आत कोण आहे?"

"पेशंट," पडदा म्हणाला.

"काय होतंय?"

पडद्याने थोडा विचार केला. "घशाला होतंय."

"मग बोलू नका."

पुढे लीलाम्माला पडद्याची गरजच पडली नाही. सलाइन कसं लावशील, इंजेक्शनच्या आधी काय विचारशील, पेशंट जेवत नसेल तर काय करशील. ती धडाधड सांगत गेली, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावून बघू लागले. करंदीकरबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसलं. मला आनंदाने नुसतं नाचावंसं वाटत होतं.

मग बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एक शेवटचं. पेशंट खूप आजारी आहे. मी राउंड घेऊन गेले आहे. तो तुझा हात धरतो आणि विचारतो, सिस्टर, मी बरा होईन ना? काय सांगशील?"

हा प्रश्न आमच्या तालमीत कधी आला नव्हता. लीलाम्मा थांबली. तिने हळूच पडद्याकडे बघितलं. मीही बघितलं. मला खात्री होती, आता काहीतरी आई भवानीचं, मोठ्या पल्ल्याचं वाक्य येणार.

पडदा गप्प होता. चपला हलल्या नाहीत. मी मनातल्या मनात काकांना शिव्या घालत होते. जिथे कुणी विचारत नाही तिथे हा माणूस बोलतो, आणि आता हिच्या गळ्याशी आलं तर तोंड मिटून बसलाय.

लीलाम्माने पदर सारखा केला. "बरे होणार की नाही, ते मला माहीत नाही," ती सावकाश म्हणाली. या वेळी आवाज लहान होता. "मी खोटं नाही सांगणार. पण तुम्ही हाक मारली की मी येणार. किती पण वेळा."

करंदीकरबाई चष्मा घालत म्हणाल्या, "युनिफॉर्म आहे?"

"आहे, मॅडम."

"उद्या सात वाजता ये. उशीर केलेला मला चालत नाही."

लीलाम्माने माझा हात इतका दाबला, की माझी बांगडी वाढली. बाईंनी उठून पडदा सरकवला. "आता तुमच्या घशाचं बघू." परबकाका टेबलावर पाय सोडून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. चेहरा ओला होता. बाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. "सिस्टर," त्या लीलाम्माला म्हणाल्या, "उद्याची वाट कशाला बघायची? यांचं बीपी घे." अशा रीतीने बोरिवलीतला तिचा पहिला पेशंट परबकाका झाले. बीपी चांगलंच वाढलेलं निघालं.

बाहेर आल्याबरोबर मी त्यांना धरलं. "काका, ऐन वेळी कुठे गेला होतात? एक वाक्य देता नाही आलं?"

काका फाटकाशी थांबले. एरवी आमच्याशी ते प्रमाण मराठीत बोलायचे, नाटकातल्यासारखं. त्या दिवशी नाही बोलले.

"सुशीलेन माका ह्याच इचारल्यान," ते म्हणाले. "हास्पिटलात. मी बरी होतलंय मां, म्हणान. माका कायच सुचाक नाय, मंगल. मी नुसतो तिच्या तोंडाकडे बघीत रवलंय. मगे तिनाच तोंड फिरवल्यान."

मी काहीतरी बोलायला गेले. मी मध्येच अडकले होते आणि मागून कुणी काही सांगत नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं, की मी नुसता त्यांचा हात धरला. लीलाम्माला मालवणी कळलं असेल असं वाटत नाही, पण तिने दुसरा हात धरला.

आम्ही रिक्षा केली. लीलाम्माला आनंद लपवता येत नव्हता. भावाला तार करायची, आईला पेढे आणायचे, पांढरे बूट घासायचे, सगळं ती एका दमात बोलत होती. काका मध्ये बसले होते. रेल्वे फाटकाच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ते म्हणाले, "तू आत काय म्हणालीस, ते परत एकदा सांग."

लीलाम्माने सांगितलं. बरे होणार की नाही ते मला माहीत नाही, पण तुम्ही हाक मारली की मी येणार, किती पण वेळा.

"जरा सावकाश सांग."

तिने सावकाश सांगितलं. "किती पण" हे काही शुद्ध मराठी नाही, पण काकांनी दुरुस्त केलं नाही. रिक्षा सुरू झाली. तिच्या घरघरीत नीट ऐकू येत नव्हतं, पण त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. काका तेच वाक्य म्हणत होते, आणि 'तुम्ही'ऐवजी 'तू' म्हणत होते.