'पारवा' कुणाच्या हाती

"एकतीस तारखेपासून 'पारवा' बंद. आजवरच्या सोबतीबद्दल आभार." बस, एवढंच. ग्रंथपालबाईंनी पडद्यावरचा मजकूर तीनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता कुणाची तरी धडगत नाही, हे शिपाईमामांनी ओळखलं.

'पारवा' म्हणजे हौशी मंडळींनी मिळून चालवलेली, लिनक्सच्या कुळातली फुकट संगणक-प्रणाली. वाचनालयाचे अकराही संगणक तिच्यावर चालत. चाळीस हजार पुस्तकांची यादी बाईंनी नऊ वर्षं स्वतःच्या बोटांनी त्यात भरली होती. आणि संगणक म्हटलं की नाक मुरडणारे अध्यक्ष तर टपूनच बसले होते.

"शनिवारपर्यंत दुसरं काहीतरी निवडा, नाहीतर संगणक विकू. यादी गेली तर गेली."

"गेली तर गेली? मग नऊ वर्षं मी काय माश्या मारत होते?"

बाई हट्टाने पर्याय शोधायला बसल्या. पहिल्या प्रणालीला प्रिंटरच दिसेना. दुसरीने यादी उघडली, पण कुणाचंही पुस्तक कुणाच्याही नावावर खपवलं. तिसरी सुरू होईपर्यंत मामा अख्खा मजला झाडून यायचे. चौथी धडधाकट निघाली, पण खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, पुढची हमी नाही.

"हमी नाही म्हणे. आणि हे सांगायला लाजही वाटत नाही यांना."

शुक्रवारी त्यांचा संयम संपला. पुस्तकं दाबून बसणाऱ्यांना धाडायची छापील ताकीद त्यांनी 'पारवा'वाल्यांनाच धाडली. खाली स्वतःच्या हाताने जोडलं, "जायचंच असेल तर रीतसर जा. काम जबाबदार माणसाच्या हाती सोपवा आणि पोच घ्या." शिवाय सही, शिक्का, फोन नंबर, आणि सगळं स्कॅन करून ई-मेलने.

"बाई, फुकट देणाऱ्याला ताकीद?" मामा चाचरत म्हणाले.

"फुकट देऊन सवय कुणी लावली? मी?"

शनिवारी अध्यक्ष आले तेव्हा 'पारवा'च्या प्रमुखाचं उत्तर बाईंनी छापून ठेवलं होतं. त्यांनी कागद पुढे सरकवला. अध्यक्ष मोठ्याने वाचू लागले.

"बाई, ताकीद पोचली. काम जाणणारी सहा माणसं अजून आहेत, पण त्यांच्या मागे लागणारं कुणी उरलं नाही. मी थकलो. नऊ वर्षांत जाब विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. तेव्हा तुमच्या नियमाप्रमाणे सगळं तुमच्या हाती सोपवलं आहे. तुमच्या फोन नंबरासकट जाहीरही केलं. पोच द्यावी."

"म्हणजे 'पारवा' आता तुम्ही चालवणार?"

"दुसरं आहे कोण? त्या सहाही जणांना सकाळीच फोन केलेत. दोघं झोपेत होते."

अध्यक्षांनी संगणक आणि यादी राहू देण्याच्या ठरावावर मुकाट्याने सही केली. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून कुणीतरी तावातावाने बोलत होतं, "तुम्हीच का त्या 'पारवा'च्या? बंद काय करता, चालू काय करता, आमचा काही विचार? माझ्या दवाखान्याची सगळी कागदपत्रं त्यात आहेत."

बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग वही ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

"इतकी कळकळ आहे ना? मग सातवे तुम्ही. सोमवारपासून काय करायचं ते सांगते, लिहून घ्या."